'म्ना' म्हणजे कोण, बाई?

परवा रात्रीची जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात डब्लिनहून धाकट्या नणंदेचा फोन आला. यजमानांच्या नोकरीपायी ती आयर्लंडला जाऊन वर्ष झालं. तिकडे काही नवं पाहिलं की ते आधी वहिनीला सांगायचं, असा तिचा नेम आहे. त्या दिवशी मात्र तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

"वहिनी, आज माझी अशी काही फजिती झाली म्हणून सांगू!"

झालं होतं असं, की बाहेरगावच्या एका हॉटेलात ती हात धुवायला गेली. समोर दोन दारं. एकावर इंग्रजी अक्षरं एम, एन, ए. दुसऱ्यावर एफ, आय, आर. ("मला वाटलं, इथे तक्रारच नोंदवायची आहे की काय!") बाईचं किंवा पुरुषाचं चित्रबित्र काही नाही. तिनं विचार केला, एम म्हणजे मेन, कुणीतरी अक्षरं उलटसुलट लावलेली दिसतात. एफ म्हणजे फिमेल. आणि गेली की एफच्या दारातून आत! आत दोन दाढीवाले गृहस्थ हात पुसत उभे. त्यांतल्या एकानं न हसता अदबीनं दुसऱ्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे येणाऱ्या निम्म्या पाहुण्यांचं असंच होतं म्हणे.

शेजारी बसून शेंगा सोलणाऱ्या सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, "सरळ 'जनाना' लिहायला काय झालं होतं त्यांना? आमच्या लहानपणी स्टेशनवर कशी स्वच्छ पाटी असायची."

मैत्रिणींनो, त्यांचं हे वाक्य लक्षात असू द्या. मी हसून सोडून दिलं होतं, पण पुढे आठ-दहा दिवस त्या तीन अक्षरांनी मला सोडलं नाही. मी शाळेत आठवड्यातून चारच दिवस जाते, संस्कृत आणि मराठी शिकवते. उरलेल्या वेळात वाचनालयातली भाषाशास्त्राची पुस्तकं आणि नणंदेनं पाठवलेले शब्दकोशाच्या पानांचे फोटो घेऊन बसले. दोनदा दूध उतू गेलं. पण जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडल्याशिवाय राहवत नाही.

तर 'म्ना' म्हणजे बायका. एक असेल तर 'बॅन'. याचं स्पेलिंग बी, ई, ए, एन, म्हणजे इंग्रजीत आपली फरसबी लिहितात तेच! म्हणून इंग्रजी शिकलेला माणूस हा शब्द पहिल्यांदा वाचतो तो हमखास चुकीचा. आणि 'फिर' म्हणजे पुरुष, अनेकवचनी. एक पुरुष म्हणजे 'फॅर'. हा 'फॅर' आणि आपला संस्कृत 'वीर' हे एकाच जुन्या शब्दाचे वंशज आहेत. म्हणजे तिकडे बाजारात पिशवी घेऊन निघालेला साधा माणूसही नावापुरता वीरच. (आमच्या घरी हे वाचून दाखवलं, तर यजमानांची मान ताठ झाली.)

आता 'बॅन'चं अनेकवचन 'म्ना' कसं? तुम्ही म्हणाल, काही ताळमेळ आहे का यात? पण आपल्या घरातलेच शब्द बघा ना. 'जाऊ'च्या 'जावा' होतात, 'सासू'च्या 'सासवा' होतात, 'सून' आली तरी 'सुनेला' म्हणावं लागतं. नेहमीच्या नात्यांचे शब्द इतके तोंडी घोळलेले असतात, की नियमांची इस्त्री त्यांच्यावर फिरतच नाही. आयरिश व्याकरणातही 'बॅन' हे नाम अनियमितांत मोडतं. एक बाई 'बॅन'. बाईचं किंवा बाईची म्हणायचं तर 'म्ना'. पुष्कळ बायका, पुन्हा 'म्ना'. आणि बायकांचं म्हणायचं तर परत 'बॅन'शी नातं सांगणारं 'बन'. जुन्या भाषेत 'बाईला' म्हणण्यासाठी 'म्नी' असं आणखी एक रूप होतं, ते आता बहुतेक जुन्या कवितांतच भेटतं. उत्तरेला आणि पश्चिमेला तर 'म्ना'चा उच्चार 'म्रा' असा करतात; लिहितात मात्र 'म्ना'च.

आपल्या मराठीला शब्द वाकवायचा असला की ती शेपटीकडून वाकवते. 'सून'ची 'सुने' झाली, मग पुढे ला, ने, ची काय हवं ते लावा. आयरिश भाषेची तऱ्हा उलटी. ती शब्दाचं तोंडच बदलते! 'बॅन' स्त्रीलिंगी, तिच्याआधी 'ती अमुक' अशा अर्थाचं उपपद आलं, की 'ब'चा 'व्ह' होतो, आणि बाईची होते 'व्हॅन'. लिहिताना बीच्या पाठीला एच चिकटवतात. 'ए बाई' अशी हाक मारतानाही तसंच. आणि 'त्या बायकांचं' म्हणायचं असलं, की 'बन'च्या आधी एक 'म' येऊन बसतो आणि उच्चार होतो 'न मन'. 'ब' जिथल्या तिथे लिहिलेला असतो, पण बोलायचा नाही. हे वाचल्यावर मला एकत्र कुटुंबातली नवी सून आठवली. रेशनकार्डावर नाव आहे, घरात आवाज नाही.

एक गंमत राहिलीच. 'बॅन' स्त्रीलिंगी आहे, पण मुलगी म्हणजे 'कॅलीन' हा शब्द आयरिशमध्ये पुल्लिंगी! शेवटी लहानपणा दाखवणारा 'ईन' लागतो, म्हणून तसं. आपण हसायचं कारण नाही. आपणही 'ते पोर' म्हणतोच, आणि संस्कृतात पत्नीसाठी 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दार' तर पुल्लिंगी, तेही कायम अनेकवचनी. एकाच बायकोची तीन लिंगं! दर वर्षी नववीच्या मुली या ठिकाणी हटकून खुसखुसतात.

ते 'न मन' आयर्लंडच्या इतिहासातही आहे. 1914 साली डब्लिनमध्ये स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी बायकांची एक संघटना निघाली, तिचं नाव 'कुमन न मन', म्हणजे बायकांचा संघ. त्याआधी 1908 ते 1911 या काळात तिथे बायकांनी चालवलेलं एक मासिक निघत असे, नाव 'बॅन न हेरिन', म्हणजे आयर्लंडची बाई. हेलेना मोलोनी या त्याच्या संपादक. मला सगळ्यात आवडलं ते असं, की त्यात बागकामाचं सदरही होतं. ते कॉन्स्टन्स मार्केविच लिहीत. झाडांवरच्या गोगलगायी कशा माराव्यात हे सांगता सांगता त्या हळूच इंग्रज सरकारचा समाचार घेत. 1918 साली याच बाई इंग्लंडच्या पार्लमेंटवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या, आणि तिथे जाऊन बसायला त्यांनी साफ नकार दिला. घरगुती सल्ल्याच्या सदरांना नाक मुरडणाऱ्यांनी एवढं ऐकून ठेवावं.

आता या 'बॅन'चा गोतावळा बघा. बायको म्हणजे 'बॅन खेले', अक्षरशः सोबतीण बाई. घरमालकीण म्हणजे 'बॅन अन टी', घरची बाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत आयरिश शिकायला मुलं खेड्यापाड्यांतल्या आयरिश बोलणाऱ्या वस्त्यांत जाऊन राहतात. ज्यांच्या घरी ती राहतात, जेवतात आणि ओरडा खातात, त्या बाईंना सगळे 'बॅन अन टी' म्हणूनच ओळखतात. 'बॅन फासा' म्हणजे जाणती बाई, जडीबुटीची आणि गावच्या अडीअडचणींची माहिती असलेली. जोगीण म्हणजे नियमाची बाई. मयताच्या घरी शोक गाणारी ती रडण्याची बाई. इंग्रजी भुताच्या गोष्टींत 'बॅन्शी' येते ना, घरात कुणाचा मृत्यू जवळ आला की रात्री विलाप करणारी, तीही हीच. 'बॅन शी', परीलोकाच्या टेकडीतली बाई.

सुईणीला म्हणतात 'बॅन घ्लूने', गुडघ्याची बाई. गुडघ्याचा जो शब्द 'ग्लून', त्याचाच दुसरा अर्थ पिढी. आपण 'मांडीवर नातवंडं खेळवली' म्हणतो, तसंच काहीसं.

'बन' हा शब्दाआधीही चिकटतो. नर्स म्हणजे 'बनल्ट्रा'. पुरुषही नर्सचं काम करू लागल्यावर आता नुसतं 'अल्ट्रा' म्हणू लागले आहेत. राणी म्हणजे 'बनरीन'. यातल्या 'रीन'चाच मुळात अर्थ राणी, आपल्या 'राज्ञी'ची ती बहीण. म्हणजे 'बनरीन' झाली बाई-राणी. पिवळा पीतांबर तो हाच!

पण मी थांबले ती विधवेच्या शब्दापाशी. आपल्या 'विधवा' शब्दाची सख्खी बहीण जुन्या आयरिश भाषेत होती, पण रोजच्या वापरात रुळला तो दुसराच शब्द, 'बँट्रख'. त्याची फोड केली तर पहिला भाग आपला 'बन', आणि दुसरा घरदार, शेतीवाडी चालवणारा कुटुंबप्रमुख. म्हणजे काय, तर घर चालवणारी बाई. कुणाचं काय गेलं हे त्या शब्दात नाहीच. मागे कुणी काय उचललं ते आहे. विधुराला तर 'पुरुष-बँट्रख' अशा अर्थाचं म्हणतात. माझी आत्या सव्विसाव्या वर्षी एकटी पडली आणि पुढची चाळीस वर्षं तिनं पिठाची गिरणी चालवली. तिच्यासाठी मला मराठीत असा एक शब्द हवा होता.

अर्थात, तिकडे सगळं सोन्याचं आहे असं मुळीच नाही. लग्नानंतरच्या नावाची तऱ्हा ऐका. समजा एखाद्या घराण्याचं आडनाव 'ओ मुरखू', इंग्रजीत ज्याला मर्फी म्हणतात. यातला 'ओ' म्हणजे नातू, वंशज. मुलगी असेल तर ती 'नी वुरखू', कारण 'नी'मध्ये लेक हा शब्द दडलेला आहे. लग्न होऊन त्या घरात आली तर ती 'बॅन ई वुरखू', म्हणजे मुरखूच्या वंशजाची बायको. पण बोलताना हा 'बॅन' बहुधा गळतो, आणि उरतं काय? नुसतं 'ई वुरखू', 'मुरखूच्या वंशजाचा' किंवा 'वंशजाची'. बाई होती तो शब्द गेला, षष्ठी विभक्ती तेवढी राहिली! आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकॅलीस (1997 ते 2011) यांच्या आयरिश नावात 'विक' येतं, ते याच जातीचं, 'मॅक'च्या घराण्यातली बायको. हल्ली बऱ्याच जणी लग्नानंतरही माहेरचं 'नी' सोडत नाहीत. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात, तेव्हा आडनावच काय, काही घरांत पाळण्यातलं नावही जातं. तेव्हा कुणी कुणाला हसायचं!

बरं, आता सासूबाईंच्या 'जनाना'कडे वळते.

जगातल्या पुष्कळ भाषा एका जुन्या घराण्यातल्या आहेत हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी, रशियन आणि आयरिशसुद्धा. त्या मूळ भाषेत बाईसाठी 'ग्वेन'सारखा एक शब्द होता. त्यातला तो 'ग्व' घराघरांत वेगवेगळा झाला. आयरिशमध्ये त्याचा झाला 'ब'. म्हणून आपली 'गो', म्हणजे गाय, तिकडे 'बो'; आपला 'जीव' तिकडे 'ब्यो'; आणि 'ग्वेन'ची झाली 'बॅन'. ग्रीकमध्ये ती झाली 'गुने', तिच्यावरूनच आपण ज्यांच्याकडे दिवस गेल्यावर नाव घालतो त्या गायनॅकॉलॉजिस्टना नाव मिळालं. इंग्रजीत ती झाली 'क्वीन'. फारसीत 'झन', आणि 'झन'वरून 'झनाना', तोच मराठीत आलेला 'जनाना', 'जनानखाना'. म्हणजे डब्लिनकडच्या दारावरचं 'म्ना' आणि सासूबाईंच्या लहानपणीच्या स्टेशनवरचा 'जनाना' एकाच मुळाचे! शेंगा सोलता सोलता बाईंनी नेमकं बोट ठेवलं होतं. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मी काय वेगळं म्हणत होते?"

संस्कृतात या शब्दाची दोन रूपं आहेत, आणि दोन्ही वेदांत सापडतात. एक 'जनि', म्हणजे बाई, पत्नी. दुसरं 'ग्ना', देवांच्या स्त्रियांसाठी. 'ग्ना' आणि 'म्ना' शेजारी ठेवून बघा. दोन्हींत मधला स्वर गळला आहे. आयरिशमध्ये स्वर गळल्यावर उरलं 'ब्ना', ते म्हणायला अवघड, म्हणून झालं 'म्ना'. संस्कृतात स्वर गेला तिथे 'ग' तसाच राहिला, 'ग्ना'. स्वर राहिला तिथे त्या 'ग'चा 'ज' झाला, 'जनि'. 'भोग' आणि 'भोजन' यांत 'ग' आणि 'ज' पाठशिवणी खेळतात, तसंच समजा. आयर्लंडच्या हॉटेलातल्या दारावर आपल्या वेदांतली 'ग्ना' भेटावी याचं मला फार अप्रूप वाटलं.

आणि इथेच मला माझी एक चूक सापडली. ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

मागच्या वर्षी नववीच्या वर्गात मी स्त्रीवाचक शब्द शिकवत होते. फळ्यावर लिहिलं: जननी, जाया, जनि. आणि ठोकून दिलं, की या सगळ्यांच्या मुळाशी 'जन्' धातू, जन्म देणे. आपल्या परंपरेत 'जाया'ची फोड अशीच सांगतात, की पती तिच्या पोटी पुत्ररूपानं पुन्हा जन्मतो. तेव्हा 'जनि' म्हणजेही जन्म देणारी. स्त्री म्हणजे जन्म देणारी. वाक्य कसं खणखणीत वाटलं! मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, माझ्या मावशीला मूल नाही. मग ती कोण?"

वर्ग गप्प. मी काय म्हणाले माहीत आहे? "अगं, ती तुझी मावशी. खाली बस." मुली हसल्या, तास संपला. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी चित्रकलेच्या बाई बसतात, लग्नाला चौदा वर्षं झालेली. हळदीकुंकवाला त्यांच्या ओटीत नारळ घालताना बायका कशा क्षणभर थबकतात ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या दिवशी त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

आता मला कळलं ते असं. 'जन्', म्हणजे जन्मणे, आणि 'जनि', म्हणजे बाई, हे मुळात दोन निराळ्या घरचे शब्द आहेत. संस्कृतात दोन्हींचा आवाज 'ज' झाला, म्हणून ते एकसारखे दिसू लागले. दोन वेगवेगळ्या गावच्या मुली लग्न होऊन एकाच आडनावाच्या घरांत गेल्या, तर पुढच्या पिढीला त्या बहिणी वाटणारच. आपल्या जुन्या पंडितांचा यात दोष नाही. त्यांच्या कानी येणारा 'ज' एकच होता. पण आयरिश भाषेनं या दोघींची माहेरं निरनिराळी सांभाळली. जन्माच्या घराण्यातला शब्द तिकडे 'ग'नं सुरू होतो, 'गिन', म्हणजे जन्माला घालणे. आपल्या 'जानु'चाही, म्हणजे गुडघ्याचा, तिकडे 'ग'च झाला, तोच तो सुईणीचा 'ग्लून'. आणि बाई मात्र 'ब'नं, 'बॅन'. 'गिन' आणि 'बॅन' एका मुळातून येणं शक्य नाही. ग्रीकमध्येही हे दोन शब्द वेगळे ओळखू येतात. बाईच्या त्या जुन्या शब्दाच्या मागे जाऊन बघावं, तर सर्वांना मान्य असा कुठलाही धातू सापडत नाही. तो शब्द फक्त बाई म्हणतो. ती काय करते, कुणाला जन्म देते, यातलं काहीएक तो सांगत नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे, हेही आयर्लंडकडेच बघून पटतं. 1937 साली त्या देशानं आपली राज्यघटना केली. ती इंग्रजीत आणि आयरिशमध्येही आहे, आणि दोहोंत फरक निघाला तर आयरिश मजकूर खरा धरायचा, असा तिथला नियम. तिच्या 41व्या कलमात आपला हा शब्द येतो. पहिल्या वाक्याचा आशय असा, की बाई घरातल्या आपल्या आयुष्यानं राज्याला जो आधार देते, त्यावाचून सर्वांचं हित साधता येणार नाही. तिथे शब्द आहे 'बॅन'. पुढच्या वाक्यात म्हटलं आहे, की पैशाच्या ओढगस्तीपायी आयांना घरातली कर्तव्यं टाकून कामाला जावं लागू नये असा प्रयत्न राज्य करील. पहिल्या वाक्यात बाई, दुसऱ्या वाक्यात आई! मधे एक पूर्णविराम, आणि तेवढ्यात बाईची आई होऊन गेली. माझ्या फळ्यावर झालं तेच.

कागदावर नुसता गौरव असता तर कुणाची तक्रार नव्हती. पण त्या काळी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेला लग्न झालं की नोकरी सोडावी लागे. हा नियम 1934 साली आला आणि 1958 साली उठला. सरकारी कचेऱ्यांतल्या बायकांना तर 1973 सालापर्यंत लग्न म्हणजे राजीनामा. मूल असो वा नसो. मी हे वाचलं तेव्हा कपाटात ठेवलेली माझी हजेरीची वही आठवली. तिथे आणि तेव्हा असते, तर लग्नाच्या अक्षता पडल्या आणि वही हातून गेली.

1990 साली मेरी रॉबिन्सन तिथल्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा त्यांनी 'म्ना न हेरिन'चे, आयर्लंडच्या बायकांचे, वेगळे आभार मानले. पाळणा हलवण्याऐवजी त्यांनी व्यवस्था हलवली, अशा अर्थाचं त्या बोलल्या. पाळण्याच्या दोरीचा एवढा बडिवार असलेल्या आपल्या घरांत याचा अर्थ समजावून सांगायला नको. घटनेतलं ते बाई-आईचं कलम बदलावं म्हणून 8 मार्च 2024 रोजी, बरोबर महिलादिनी, सार्वमत घेतलं. सुमारे 74 टक्के लोकांनी बदल नाकारला. त्या सगळ्यांना जुनी वाक्यं प्रिय होती असं नाही हं. बऱ्याच जणांना त्यांच्या जागी आणलेला नवा मजकूर पसंत नव्हता. आजारी, अपंग माणसांची घरात काळजी घेणाऱ्यांना त्यातून ठोस काहीच मिळत नाही, असा आक्षेप होता. जुनी वाक्यं काढायची हे ठरवणं सोपं, त्यांच्या जागी काय लिहायचं ते अवघड. भाषा शिकवणाऱ्या बाईला ही अडचण चांगली समजते.

गेल्या सोमवारी मी दहावीच्या वर्गावर गेले. त्याच मुली, आता दहावीत. फळ्यावर पुन्हा 'जनि' लिहिलं, शेजारी 'ग्ना', त्याच्या शेजारी देवनागरीत 'बॅन' आणि 'म्ना', आणि खाली वेगळ्या ओळीत 'जन्' आणि 'गिन'. मधे खडूनं एक रेघ ओढली. म्हटलं, "मुलींनो, मागच्या वर्षी मी या दोन्ही ओळी एकच म्हणून सांगितल्या होत्या. ते चुकलं होतं." आणि नणंदेच्या फजितीपासून सगळं सांगितलं. दाढीवाल्या गृहस्थांपाशी वर्ग एवढा हसला की शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले.

ती मागच्या बाकावरची मुलगी हसली नाही. तिनं रेघेसकट सगळं वहीत उतरवून घेतलं, आणि हात वर केला.

"बाई, परीक्षेत 'जनि'चा अर्थ विचारला, तर काय लिहू?"

"बाई, असं लिही," मी म्हटलं.

"नुसतं 'बाई'?"

"नुसतं 'बाई'. गुण मी देते."